सूचना माईकवरून झाली, पण पोचली कुणाला?

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या वाचकांना दूरदर्शनवरच्या रविवारच्या त्या बातम्या नक्की आठवत असतील. १९८७ साली त्या सुरू झाल्या. 'मूकबधिरांसाठी बातम्या' असे त्यांना म्हणत. वस्तीत टीव्ही एखाद्याच घरी, त्यामुळे त्या घराच्या दारात चपलांचा ढीग. पडद्यावर निवेदिका हातांनी, बोटांनी, चेहऱ्याने बातम्या सांगत आणि लहान पोरे त्या हातांची नक्कल करीत. बातम्या संपल्या की विषय संपला. खुणांच्या भाषेशी आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध आला तो तेवढाच. ज्यांच्या घरात ऐकू न येणारे मूल जन्मले त्यांचा मात्र रोजचाच आला. पण त्यांना विचारायला कोण गेले?

(जाता जाता एक सांगून टाकतो. 'मूक' हा शब्द आता सोडून द्यावा. ही मुले मुकी नाहीत. त्यांच्याजवळ भाषा आहे, ती आपल्याला येत नाही एवढेच. 'कर्णबधिर' म्हणावे, किंवा सरळ 'ऐकू न येणारी' म्हणावे.)

तीच मुले आता महाविद्यालयात पोचली आहेत. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत सर्व दिव्यांगांसाठी मिळून किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. त्याआधीच्या १९९५च्या कायद्यात त्या ३ टक्के होत्या. प्रवेश मिळतो, ओळखपत्र मिळते, बाकही मिळतो. पुढे काय होते ते आमच्या वस्तीतल्या एका मुलीच्या बाबतीत आम्ही जवळून पाहिले.

मुलगी जन्मापासून ऐकू न येणारी. दहावीपर्यंत कर्णबधिर शाळेत शिकली, खुणांची भाषा तिथल्या मुलामुलींत राहून पक्की झाली. घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. आई एका हाउसिंग सोसायटीत झाडूकाम करते. जुलै २०२४मध्ये मुलगी एफ.वाय.बी.ए.ला गेली. ऑगस्टमध्ये महाविद्यालयाने शिष्यवृत्ती मार्गदर्शनाचा कार्यक्रम ठेवला. फलकावर सूचना लागली ती एवढीच: सर्वांनी उपस्थित राहावे, तपशील कार्यक्रमात सांगण्यात येईल. मुलगी गेली. दोन तास बसली. महाडीबीटीवर अर्ज भरून झाल्यावर कागदपत्रांची प्रत अमुक तारखेच्या आत कार्यालयात द्यायची, नाहीतर अर्ज महाविद्यालयाच्या पातळीवरच अडकून पडणार, हे सरांनी माईकवरून तीनदा सांगितले. ते तिला कळले नाही. अर्ज अडकला. ऑक्टोबरमध्ये फी भरण्याची चिठ्ठी घरी आली.

तिची आई आमच्याकडे आली ती चिठ्ठी घेऊन. म्हणाली, "भाऊ, पोरगी शाळेत होती तेव्हा घरी आल्यावर हातानं सगळं सांगायची. आता येते, बॅग ठेवते आन् भिंतीकडं बघत बसते. मी विचारलं तर म्हणती, तिथं सगळे बोलत्यात, मी नुसती बघते."

आम्ही कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूंनी हजेरीचा कागद पुढे केला. "अहो साहेब, कार्यक्रमाला ती हजर होती की. ही बघा सही." आम्ही स्वतः कारकून आहोत. वीस वर्षे फायलींत घालवली आहेत. त्यामुळे त्या बाबूंवर आम्ही रागावलो नाही. त्यांच्या कागदाप्रमाणे ते बरोबरच होते. रकाना 'हजर' एवढाच आहे, 'समजले' असा रकाना कुठल्याच रजिस्टरात नसतो.

महाविद्यालयातले कार्यक्रम म्हणजे नाचगाणी, असा आपल्याकडे एक समज आहे. पालकही म्हणतात, गॅदरिंगला नाही गेली तर काय बिघडले? पण जरा विचार करा. शिष्यवृत्तीची माहिती कार्यक्रमात सांगतात. स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शन व्याख्यानात होते. नोकरीसाठी कंपन्या येतात तेव्हा आधी सभागृहात भाषण होते. बक्षीस समारंभ असतो, निरोप समारंभ असतो. वर्गातला धडा निदान पुस्तकातून वाचता येतो, मैत्रिणीच्या वहीतून उतरवता येतो. सभागृहात बोललेले शब्द कोणत्या वहीतून उतरवायचे?

कायदा काय म्हणतो

कायद्याची भाषा जड असते, म्हणून सोप्या शब्दांत सांगतो. २०१६च्या कायद्याचे कलम १६ असे आहे की शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी दिव्यांग विद्यार्थ्यांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि शिक्षणाबरोबर खेळ व करमणुकीच्या कार्यक्रमांतही इतरांच्या बरोबरीने संधी द्यावी. त्याच कलमात आहे की अंध आणि कर्णबधिरांना त्यांना योग्य अशा भाषेतून आणि साधनांतून शिक्षण मिळेल हे संस्थेने पाहावे, आणि प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी. 'संवाद' म्हणजे काय हे कायद्याने सुरुवातीलाच सांगून ठेवले आहे. त्यात खुणा आहेत, ब्रेल आहे आणि पडद्यावर दाखवलेली अक्षरेही आहेत. म्हणजे दुभाषी आणि कॅप्शन या दोन्ही गोष्टी कायद्याच्या पोटातच आहेत. कुणी मेहेरबानी म्हणून द्यायच्या नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२२ साली उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. आणि मुळाशी जायचे तर आपल्या राज्यघटनेच्या ४१व्या कलमात शिक्षणाचा हक्क आणि विकलांगतेत साहाय्याचा हक्क एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसलेले आहेत.

कायद्याचे उल्लंघन झाल्यास कलम ८९प्रमाणे पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५०,००० ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. दाद मागायला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. पण आमचे मत विचाराल तर दंडाचे कलम पहिल्याच अर्जात लिहू नये. पहिल्या अर्जात मागणी लिहावी. दंड दुसऱ्या अर्जासाठी राखून ठेवावा.

२२ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयात सारा सनी या कर्णबधिर वकील महिलेने खुणांच्या भाषेच्या दुभाष्यामार्फत सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठापुढे काम चालवले. सुनावणी ऑनलाइन होती, पडद्यावर दुभाषी. देशाच्या सर्वात मोठ्या कोर्टात जे चालते ते आमच्या गल्लीतल्या कॉलेजात का चालू नये, हे वाक्य आम्ही प्राचार्यांपुढे बोललो. प्राचार्य हसले. म्हणाले, "चालेल हो, पण दुभाषी आणायचा कुठून?"

प्रश्न रास्त होता.

आधी मुलांना विचारा

दुभाषी शोधण्याआधी आम्ही एक काम केले. त्या महाविद्यालयात ऐकू न येणारे विद्यार्थी किती आणि कोण, याची यादी मागितली. चौघे निघाले. चौघांना एकत्र बसवून विचारले, बाबांनो, तुम्हाला काय हवे? उत्तर चौघांचे एक नव्हते.

आमच्या वस्तीतली मुलगी आणि तिच्या शाळेतली एक मैत्रीण, दोघींना खुणांची भाषा हवी. एक मुलगा बाराव्या वर्षी मेंदूज्वराने बहिरा झालेला. त्याला खुणा मुळीच येत नाहीत. तो मराठी फाडफाड वाचतो, बोलतोही, फक्त ऐकू येत नाही. त्याला पडद्यावर अक्षरे हवीत. चौथ्याला श्रवणयंत्राने थोडे ऐकू येते. त्याचे म्हणणे साधे होते: स्पीकरचा गोंगाट कमी करा, मला पुढे बसवा, बोलणाऱ्याचे तोंड दिसू द्या.

म्हणूनच 'बहिऱ्यांसाठी एक दुभाषी आणला, झाले काम' असे होत नाही. आणि 'पडद्यावर लिहून दाखवतो, दुभाष्याला पैसे कशाला' असेही होत नाही. जन्मापासून ऐकू न आलेल्या मुलांना मराठी ही दुसरी भाषा असते. आपल्याला जसे सरकारी इंग्रजी परिपत्रक वाचताना अडखळायला होते, तसे त्यांना भरभर सरकणारे मराठी वाचताना होते. त्यांची पहिली भाषा हातांची.

ही हातांची भाषा म्हणजे मराठीचे हातवारे नव्हेत. भारतीय सांकेतिक भाषेचे स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्नाचा शब्द तिथे शेवटी येतो. 'तू कुठे राहतोस' याच्या खुणा 'तू, राहणे, कुठे' अशा क्रमाने होतात. भुवया उंचावल्या की वाक्याचा प्रश्न होतो. चेहरा हा त्या भाषेत नटण्यासाठी नसून व्याकरणासाठी असतो. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करून ओठ वाचायला आणि बोलायला शिकवावे असा ठराव झाला. त्या ठरावाची छाया जगभर पडली, आपल्या शाळांवरही पडली. त्या परिषदेच्या परंपरेनेच २०१० साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. १३० वर्षे लागली! तोवर किती पिढ्यांचे हात बाकाखाली दाबून ठेवले गेले असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

दुभाषी कुठे मिळतात

दिल्लीला २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. खुणांच्या भाषेचा कोश तिथेच तयार झाला. २०१८ साली पहिल्या आवृत्तीत ३,००० शब्द होते, २०२१च्या तिसऱ्या आवृत्तीत १०,००० झाले. दुभाष्यांचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ सालची. तिथे चौकशी केली की रस्ता सापडतो. याशिवाय जिल्ह्याच्या ठिकाणी कर्णबधिरांच्या संघटना असतात. त्यांना कोणता दुभाषी चांगला, कोणता नुसताच हात हलवतो, हे बरोब्बर माहीत असते. २०११च्या जनगणनेत ऐकण्याची दिव्यांगता असलेले सुमारे ५० लाख लोक नोंदले गेले. त्यांच्या मानाने प्रशिक्षित दुभाषी अगदी मूठभर आहेत. म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात फोन करून भागत नाही. महिनाभर आधी तारीख बांधून घ्यावी लागते.

दोन गोष्टी टाळाव्यात. एक, विद्यार्थ्याच्या बहिणीला किंवा आईला व्यासपीठावर उभे करू नये. घरच्या माणसाला घरच्या खुणा येतात, व्याख्यानातला 'लोकसंख्याशास्त्र' हा शब्द कसा सांगणार? शिवाय ती बहीण कार्यक्रम पाहायला आलेली असते, राबायला नव्हे. दुसरी, कर्णबधिर शाळेतले प्रत्येक शिक्षक दुभाषी असतात असे धरून चालू नये. शिक्षक वेगळे, दुभाषी वेगळा.

एक तासाहून मोठा कार्यक्रम असेल तर दुभाषी दोन लागतात. आमच्या महाविद्यालयातल्या लेखापाल मॅडमना हे पटेना. "एकाच भाषणाला दोन माणसं कशाला?" त्यांना आम्ही सांगितले, मॅडम, तुम्ही एका कानाने मराठी ऐकत त्याच वेळी हातांनी दुसऱ्या भाषेत अडीच तास न थांबता लिहून दाखवा. पंधरा-वीस मिनिटांत डोके शिणते, चुका व्हायला लागतात. म्हणून दोघे आळीपाळीने करतात. मोकळा असलेला दुसरा शेजारी बसून पहिल्याचा अडलेला शब्द पुरवतो.

आता बिलाचे. बी.कॉम. झालेल्या माणसाला यातच जास्त रस, हे वाचक समजून घेतील. दुभाष्याचे मानधन तासावर किंवा अर्ध्या दिवसावर ठरते, प्रवासखर्च वेगळा. महाविद्यालयात पहिला प्रश्न निघतो तो लेखाशीर्षाचा. कोणत्या खात्यातून द्यायचे? तीन कोटेशन कुठून आणायची? आम्ही सुचवले की वक्त्याचे मानधन ज्या खात्यातून देता त्याच खात्यातून द्या. दुभाषीही व्यासपीठावरून बोलणारच आहे, फक्त हातांनी. व्हाउचर, पॅन, बँकेचा तपशील, नियमाप्रमाणे टीडीएस, सगळे वक्त्यासारखेच. अनेक महाविद्यालयांत समान संधी कक्ष असतो, त्याच्यामार्फतही तरतूद करता येते. पैसे नाहीत असे म्हणणाऱ्यांना आमचे एकच सांगणे असते: गॅदरिंगच्या डीजेचे बिल काढून शेजारी ठेवा. आम्ही ठेवले होते. दोन दुभाष्यांचे मिळून बिल डीजेच्या बिलापेक्षा कमी निघाले, आणि शाली-पुष्पगुच्छांच्या बिलाच्या आसपास.

लांबच्या तालुक्याला दुभाषी येऊ शकत नसेल तर व्हिडिओ कॉलवरून काम चालते. दुभाषी पुण्याला, विद्यार्थी आपल्या गावाला, मध्ये लॅपटॉप आणि पडदा. अट एकच, नेट दमदार हवे आणि बोलणाऱ्याचा माईक थेट लॅपटॉपला जोडलेला हवा.

अक्षरांचे काम

पडद्यावर लगोलग अक्षरे दाखवण्याला लाईव्ह कॅप्शन म्हणतात. अमेरिकेत यासाठी लघुलेखनाचे खास यंत्र असते. कोर्टात बसणारे लघुलेखक त्यावर मिनिटाला २००हून जास्त शब्द उतरवतात आणि ते लगेच अक्षरांत दिसतात. मराठीत अशी माणसे मिळणे मुश्किल. आपल्याकडे टायपिंगची परीक्षा मिनिटाला ३० आणि ४० शब्दांची. माणूस सहज बोलतो तो शंभराच्या पुढे. व्याख्याते जोरात आले तर दीडशे. म्हणजे टायपिस्ट कितीही पटाईत असो, शब्दन् शब्द येणार नाही. मराठी लघुलिपी १००-१२० शब्दांची असते, पण ती वहीत. तिचे मराठी करायला नंतर बसावे लागते, तोवर सभागृह रिकामे.

मग आम्ही काय केले? कार्यक्रमपत्रिका पुढे घेऊन बसलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. अर्धा कार्यक्रम आधीच लिहिलेला असतो! स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, बक्षिसांची यादी, गाण्याचे शब्द, आभार. सूत्रसंचालकाच्या हातात कागदच असतो. ते सगळे कागद चार दिवस आधी मागून घेतले, मोठ्या अक्षरांत टाइप केले, एका पानावर तीन-तीन ओळी. एक विद्यार्थिनी लॅपटॉपवर बसून बोलणाऱ्याच्या वेगाने पान पुढे ढकलणार. यासाठी ना यंत्र लागते ना पैसे.

उरलेला अर्धा भाग, म्हणजे पाहुण्यांचे भाषण आणि प्रश्नोत्तरे, त्यासाठी मोबाईल. २०१९ साली गूगलने 'लाईव्ह ट्रान्सक्राईब' नावाचे ॲप काढले. कर्णबधिरांसाठी प्रसिद्ध असलेल्या वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठाची त्यात मदत होती. अँड्रॉइड फोनवर ते फुकट मिळते आणि मराठी घेते. बोललेले शब्द फोनच्या पडद्यावर उमटतात. फोन प्रोजेक्टरला जोडला की सभागृहाच्या पडद्यावर.

ऐकायला सोपे वाटते, पण पहिल्या चाचणीत पडद्यावर जे आले ते पाहून शिपाईमामासुद्धा हसले. फोन टेबलावर, वक्ता चार फुटांवर, मध्ये पंख्याची घरघर. शब्दांचे खिचडीभात. मग साउंडवाल्या दादांनी मिक्सरमधून एक वायर काढून दिली, आवाज थेट फोनला. फरक जमीन-अस्मानाचा. तरी तीन ठिकाणी ॲप घसरतेच: माणसांची नावे, आकडे, आणि मराठीत मध्येच घुसलेले इंग्रजी. नाव चुकले तर चालेल, पण १५ तारखेची २५ झाली तर एखाद्या पोराचे वर्ष जाईल. म्हणून पडद्याशेजारी एक पांढरा फळा ठेवला आणि एका प्राध्यापिका मॅडमना विनंती केली की तारीख, रक्कम आणि कार्यालयाचे नाव वक्त्याच्या तोंडून निघाले की ते फळ्यावर लिहायचे. ॲपवर विसंबून ही तीन कामे सोडू नयेत, हे आमचे पक्के मत झाले आहे.

जानेवारीतला शनिवार

जानेवारी २०२५मधल्या एका शनिवारी कार्यक्रम झाला. सकाळी स्पर्धा परीक्षा व शिष्यवृत्ती मार्गदर्शन, दुपारी बक्षीस समारंभ. दुभाषी ताई आणि दुभाषी दादा सकाळीच आले. दोघांचे कपडे गडद, एका रंगाचे, बिनफुलांचे. हात स्पष्ट दिसावेत म्हणून. त्यांनी आल्या आल्या जागा पाहिली. आम्ही खिडकीसमोर खुर्ची ठेवली होती, ती त्यांनी हलवायला लावली. मागून उजेड आला की हात काळे दिसतात. वक्त्याच्या शेजारी, मागे साधा पडदा, वरून एक दिवा. स्लाइड दाखवताना सभागृहात अंधार करायची सवय असते, तेव्हाही तो दिवा चालू ठेवायचा. मुलांना पहिल्या दोन रांगांत अशा बाजूला बसवले की दुभाषी, वक्ता आणि पडदा एकाच नजरेत यावेत. वक्त्याचे भाषण, विद्यार्थ्यांची नावे आणि बक्षिसांची यादी दुभाष्यांना आठवडाभर आधी पाठवली होती. नावे त्यांना बोटांनी अक्षर अक्षर करून दाखवावी लागतात.

पाहुण्यांना आधी तीन विनंत्या केल्या होत्या. सावकाश बोला. स्लाइड दाखवल्यावर जरा थांबा, कारण मुले एक तर स्लाइड पाहतील नाही तर दुभाषी. आणि विद्यार्थ्याशी बोलताना विद्यार्थ्याकडे पाहा, 'तिला विचारा' असे दुभाष्याला म्हणू नका. पाहुणे दोन तासांत चारदा विसरले, पण राग न मानता सुधारत गेले.

प्रश्नोत्तरांना आमच्या वस्तीतल्या मुलीने हात वर केला. माईक दुभाषी ताईंच्या हातात. मुलीचे हात चालू झाले आणि सभागृहात ताईंच्या आवाजात तिचा प्रश्न उमटला: "माझा शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजच्या पातळीवर थांबला. सूचना फक्त माईकवरून झाली. मी हजर होते, पण मला ऐकू येत नाही. यात चूक कोणाची धरायची आणि आता मी काय करायचे?"

आठशे लोकांचे सभागृह गप्प झाले. पाहुणे थोडा वेळ प्राचार्यांकडे पाहत राहिले. प्राचार्य उठले, माईक घेतला, आणि म्हणाले की सोमवारी तिचा अर्ज आपण स्वतः पाहू, आणि यापुढे शिष्यवृत्तीची कोणतीही सूचना लेखी, फलकावर आणि विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर आल्याशिवाय 'दिली' असे धरले जाणार नाही. हे वाक्य पडद्यावर अक्षरांत उमटले. आम्ही लगेच फोटो काढून ठेवला. कारकुनाची सवय.

(अर्जाचे पुढे असे झाले की पोर्टलवर त्रुटी दुरुस्तीची मुदत होती, त्यात तो बसला. फी मागणीची चिठ्ठी मागे घेतली गेली.)

दुपारी बक्षीस समारंभाला पालक आले होते. यात आम्हाला अनपेक्षित असे एक घडले. मागच्या रांगेत एक आजोबा बसले होते, नातवाला बक्षीस होते म्हणून आलेले. गिरणीच्या साचेखात्यात सत्तावीस वर्षे काढलेला माणूस. साच्यांच्या खडखडाटात कान गेलेले. आपल्या वस्त्यांत असे म्हातारे किती आहेत, मोजायला गेलो तर प्रत्येक गल्लीत सापडतील. त्यांना कुणी कर्णबधिर म्हणत नाही, 'बाबांना हल्ली कमी ऐकू येतं' म्हणतात. ते आजोबा पडद्यावरची अक्षरे वाचत होते. नातवाचे नाव पडद्यावर आले तेव्हा ते शेजाऱ्याला म्हणाले, "आज पहिल्यांदा मला कळतंय बाबा, माईकवर काय चाललंय ते." आणि खरे सांगायचे तर साचेखात्यात तरी कोण तोंडाने बोलत होते? तिथे हातवाऱ्यांवरच काम चाले.

शेवटी टाळ्यांचे. दुभाषी दादांनी सभागृहाला शिकवले की ऐकू न येणाऱ्यांच्या टाळ्या म्हणजे दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे. मुलीच्या मैत्रिणीला चित्रकलेचे बक्षीस होते. ती व्यासपीठावर आली तेव्हा आठशे जणांचे हात वर गेले. ती क्षणभर बावरली. मग तिनेही हात वर केले.

ज्या पालकांची मुले महाविद्यालयात आहेत त्यांच्यासाठी अर्जाचा नमुना खाली देत आहोत. कात्रण काढून ठेवावे.

*प्रति, मा. प्राचार्य. विषय: कार्यक्रमात दुभाषी व कॅप्शनची सोय मिळणेबाबत. महोदय, माझा मुलगा / माझी मुलगी (नाव, वर्ग, हजेरी क्रमांक) कर्णबधिर असून तिचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र / यूडीआयडी कार्ड सोबत जोडले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम १६ अन्वये चालू शैक्षणिक वर्षातील सर्व मार्गदर्शन कार्यक्रम, व्याख्याने व स्नेहसंमेलन यांत भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी / पडद्यावर कॅप्शन / पुढे बसण्याची जागा (जे हवे ते ठेवावे, बाकी खोडावे) यांची सोय करावी, तसेच सर्व सूचना लेखी द्याव्यात, ही विनंती. आपला / आपली, पालकाची सही.*

अर्ज जूनमध्येच द्यावा, डिसेंबरची वाट पाहू नये. दोन प्रती कराव्यात. एक द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. बाबू म्हणतील, "ठेवून जा, बघतो." ठेवून येऊ नये. शिक्का मिळेपर्यंत खिडकीसमोर उभे राहावे.